काठीला तेल लागेना

इंजिन म्हणजे इंजिन, असं फोरमनसाहेबांनी शनिवारी सकाळी चहाच्या टेबलावर जाहीर केलं. मग ते बसचं असो, ट्रकचं असो, नाहीतर जावईबापूंच्या त्या लाल घसरगुंडीचं असो. खालून जुनं तेल काढायचं, वरून नवं भरायचं, हात धुवायचे. बस डेपोत पस्तीस वर्षं हाडं झिजवलेल्या माणसाला यात नवीन ते काय असणार! पाऊण तासाचं काम आहे, असं सांगून ते डेपोतला जुना निळा डगला घालायला आत गेले. डगल्याची खालची दोन बटणं काही केल्या लागेनात. धुऊन धुऊन कापड आटलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. बायकोने त्यांच्या पोटाकडे एकदा पाहिलं.

फोरमनसाहेबांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पहिले काही महिने डेपोतून फोन यायचे. कुठल्यातरी बसचा आवाज बिघडलेला असायचा, तिकडे पोरं फोन इंजिनाजवळ धरायची आणि इकडे साहेब पलंगावर बसल्या बसल्या दुखणं सांगायचे. हळूहळू ते फोन थांबले. मग घरातली दारं, खिडक्या, पंखे, शिलाई मशीन, सगळ्यांना तेलपाणी करून झालं. आता घरात कुरकुरणारं असं काही उरलं नव्हतं, एक फोरमनसाहेब सोडले तर.

जावई दातांचा डॉक्टर. माणूस सालस, पण अबोल. दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे आ वासून पडलेले, त्यामुळे कुणी उत्तर देईल ही अपेक्षाच त्याने सोडून दिली असावी. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासरे-जावयाचं बोलणं 'प्रवास कसा झाला' आणि 'बरा झाला' यापुढे सरकलं नव्हतं. यांना दातांतलं कळत नव्हतं, त्याला बसमधलं. आणि शुक्रवारी, दोन दिवस राहायला म्हणून आलेला हा जावई जेवताना आपणहून म्हणाला, "बाबा, गाडीचं तेल बदलायला आलंय. वर्कशॉपमध्ये नेणार होतो. पण तुम्ही आहात तर..."

फोरमनसाहेबांना तेवढा 'तर' पुरला. दोन वर्षांत कुणी त्यांना 'तुम्ही आहात तर' असं म्हटलेलं नव्हतं. रविवारी दहा वाजता डेपोतल्या जुन्या मंडळींचा मेळावा होता. तिथे याच गाडीतून जायचं, जावयाने चालवायची आणि सासऱ्यांनी शेजारी बसायचं, असं जागच्या जागी ठरलं. फोरमनसाहेबांनी लगेच चार जुन्या ड्रायव्हरांना फोन लावून ही बातमी दिली. गाडीचं तेल आपण स्वतः बदललंय, हेही सांगून टाकलं. तोवर तेलाच्या एकाही बाटलीचं बूच उघडलेलं नव्हतं. बाजारात तुरी, एवढंच बायको पुटपुटली.

गाडी घरासमोरच्या फरसबंद अंगणात उभी होती. लाल, चपटी, दोनच माणसांची. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त प्राचार्य कठड्याला टेकून बघत होते. त्यांना गाड्यांतलं काही कळत नसे, पण इमारतीत कुठे काही चाललं असलं की आपण हजर असावं, असं त्यांना वाटे. फोरमनसाहेबांनी ऐटीत बोनेट उघडलं. आत इंजिन नव्हतंच. गालिचा अंथरलेला एक स्वच्छ खड्डा होता आणि त्यात मुलीची छत्री होती. फोरमनसाहेबांनी त्या छत्रीकडे बराच वेळ बारकाईने पाहिलं, मग शांतपणे झाकण लावून ते म्हणाले की जागा चांगली ऐसपैस आहे.

"इंजिन मागे असतं, बाबा," जावई हळूच म्हणाला.

ते आपल्याला ठाऊक आहे, असं फोरमनसाहेबांनी सांगितलं. पुढून सुरुवात करायची ही आपली पद्धत.

काम मात्र शिस्तीत सुरू झालं. आधी दहा मिनिटं इंजिन चालवून तेल गरम केलं. गाडी जॅकवर उचलून खाली आधाराच्या लोखंडी घोड्या लावल्या. फोरमनसाहेब पाठीवर झोपून गाडीखाली सरकले, ते पोटापर्यंतच. पुढे पोट जाईना. तेव्हा ते बाहेर आले आणि जावई आत गेला. अंधाऱ्या, अरुंद जागेत हात घालून काम करायची त्याला सवय होतीच. सासरे बाहेरून सांगत होते आणि जावई आतून करत होता. इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरचा नट सुटला, काळं तेल बादलीत पडू लागलं आणि दोघंही ती धार बघत राहिले. दोघांना एकत्र बघण्यासारखं काही सापडण्याची ही पहिलीच वेळ होती.

धार लवकरच आटली. बादलीत अडीच लिटर तेल. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं नऊ लिटर.

फोरमनसाहेबांचा चेहरा गंभीर झाला. सहा-साडेसहा लिटर तेल गायब असलेली गाडी जावईबापू इतके दिवस चालवत होते, म्हणजे इंजिन जिवंत कसं राहिलं हाच प्रश्न होता. त्यांनी तसं बोलून दाखवलं. जावयाचा चेहरा पांढरा पडला. त्याने पुसलेल्या हातांनी पुस्तिका उघडली आणि रुग्णाला औषधं समजावून सांगावीत तसं वाचायला लागला. त्यातून कळलं ते असं, की या इंजिनाचं चेंबर कोरडं ठेवतात. खाली येणारं तेल पंप लगेच ओढून घेतो आणि बाजूच्या वेगळ्या टाकीत नेऊन साठवतो. गाडी वेगाने वळली की चेंबरमधलं तेल एका अंगाला पळतं आणि इंजिन उपाशी राहतं, म्हणून ही सोय.

"वळणं काय बसला नसतात?" फोरमनसाहेब म्हणाले.

पण टाकी सापडली. तिलाही खाली नट होता, तोही सोडला, आणि उरलेलं तेल भळाभळा बाहेर आलं. आपण हेच सांगणार होतो, असं फोरमनसाहेबांनी वर बघून प्राचार्यांना ऐकवलं. प्राचार्यांनी मान डोलावली.

पुढचं सगळं यथासांग झालं. नवा फिल्टर, दोन्ही नटांना नवे वॉशर, आणि आणलेल्या बारा बाटल्यांतल्या मोजून नऊ बाटल्या टाकीत. उरलेल्या तीन अंगणातल्या भिंतीच्या फळीवर ठेवल्या. इंजिन चालू केलं, तेलाचा लाल दिवा विझला, कुठे थेंब गळत नव्हता. पाऊण तासाचं काम चार तासांत आटोपलं होतं आणि दोघंही खूश होते. जावयाने शेवटचं पान उघडलं.

"बाबा, इथे लिहिलंय, तेल किती आहे ते इंजिन पूर्ण गरम आणि चालू असतानाच बघायचं. आत्ताच मापाची काठी घालून बघू या?"

फोरमनसाहेब हसले. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांना पुस्तिकेची दया आली. "पळत्या माणसाच्या पायजम्याचं माप घेतं का कुणी, जावईबापू? तेल आत उड्या मारत असताना काठीला काय कळणार? गाडी रात्रभर उभी राहू दे. सकाळी इंजिन थंड, गाडी सपाट, मग काठी. तीनशे ड्रायव्हरांना हेच शिकवलंय मी. एक इंजिन बसलं नाही माझ्या डेपोत."

तीनशे ड्रायव्हरच काय, मुलगी पाच वर्षांची असतानाच त्यांनी हे तिलाही शिकवलं होतं. तीही दारातून म्हणाली, की बाबा सांगतात ते बरोबर आहे. जावयाने एकदा पुस्तिकेकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, आणि पुस्तिका मिटून खिशात घातली. फोरमनसाहेबांना एकदम भरून आलं. शिकलेला माणूस छापलेलं बाजूला ठेवून आपलं ऐकतो म्हणजे काय! हात धुवायच्या निमित्ताने ते घाईघाईने आत गेले.

रविवारी सकाळी सहाला सगळे झोपेत असताना फोरमनसाहेब अंगणात आले. इंजिन थंड, गाडी सपाट. त्यांनी टाकीचं झाकण फिरवून काठी बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

काठी कोरडी ठणठणीत.

त्यांनी चष्मा पुसला. काठी पुसली. परत बघितलं. कोरडी! वाकून गाडीखाली पाहिलं तर फरशीवर डाग नाही, नटांवर ओल नाही, फिल्टर घट्ट. नऊ लिटर तेल काय हवेत गेलं? मग त्यांच्या मनात आलं की बाटल्या मोजण्यातच चूक झाली असणार. आपणच मोजल्या होत्या. पस्तीस वर्षं डेपो सांभाळला आणि नऊपर्यंत मोजता आलं नाही! जावई काय म्हणेल? काही म्हणणार नाही, हेच तर वाईट. तो फक्त पुढच्या वेळी गाडी वर्कशॉपमध्ये नेईल आणि आपण पुन्हा प्रवास कसा झाला ते विचारत बसू.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. प्राचार्यांचा कठडा रिकामा होता. फळीवरची एक बाटली त्यांनी उचलली, टाकीत ओतली आणि काठी घातली. टोकाला जेमतेम ओल लागली. आणखी ओतायचा धीर होईना, कारण आत कुणाच्या तरी चपला वाजल्या. रिकामी बाटली डगल्यात दडवून ते घरात आले आणि सरळ आंघोळीला गेले.

नाश्त्याला सगळे नको तितके खुशीत होते. मुलगी म्हणाली, बाबांचं काम म्हणजे बघायला नको. जावई म्हणाला, वर्कशॉपमध्येसुद्धा असं काम होत नाही. एवढं लांबलचक वाक्य तो सकाळी साडेआठला बोलला याचं फोरमनसाहेबांना नवल वाटलं. त्याने नाश्त्याच्या आधी हात धुतले होते, मध्येही एकदा धुऊन आला, पण डॉक्टर लोकांना स्वच्छतेची खोडच असते. फोरमनसाहेबांना प्रत्येक स्तुती काट्यासारखी टोचत होती. शेवटी न राहवून ते उठले आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून पुन्हा काठी बघून आले.

तेल थेट वरच्या खुणेला टेकलं होतं. फोरमनसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. नवं तेल, बसायला वेळ घेतंय, दुसरं काय! शेवटी डेपोचा नियम खरा. फळीकडे वळून बघायचं त्यांना सुचलंच नाही.

साडेनऊला त्यांना गाडीत बसवण्यात आलं. बसवण्यात आलं असंच म्हणायला हवं, कारण सीट जमिनीपासून वीतभर वर होती आणि मुलगी व बायको दोघींनी धरून त्यांना हळूहळू खाली सोडलं. गुडघे हनुवटीशी आले, पण साहेब ऐटीत होते. जावयाने इंजिन चालू केलं. काय तो आवाज! फोरमनसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ठीक आहे."

गाडी फाटकापर्यंत गेली असेल नसेल, मागून धूर यायला लागला. आधी पांढुरका, मग निळसर, मग इतका दाट की आरशात घर दिसेना. कठड्यावरचे प्राचार्य दिसेनासे झाले, नुसता त्यांचा खोकला ऐकू येत होता. खालच्या रस्त्यावर एक सायकलवाला उतरून उभा राहिला. जावयाने इंजिन बंद केलं आणि दार उघडून बाहेर उडी मारली. फोरमनसाहेबांना उडी मारणं शक्य नव्हतं. ते आत बसून राहिले.

इमारतीत आग विझवायचं एक लाल नळकांडं होतं. ते प्राचार्यांच्या आग्रहाखातर बसवलेलं होतं आणि गेली अकरा वर्षं प्राचार्य त्याच्याकडे रोज आशेने बघत होते. आज ते नळकांडं काखोटीला मारून ते जिन्यावरून धावत आले. आग नाही, नुसता धूर आहे, असं जावई ओरडून सांगत होता. पण अकरा वर्षं थांबलेला माणूस असा ऐकतो थोडाच! प्राचार्यांनी खिळा ओढला, नळी रोखली आणि समोर जे दार उघडं दिसलं त्यातून सगळी पांढरी भुकटी आत सोडली.

ते दार फोरमनसाहेबांच्या बाजूचं होतं. मुलीने ते नुकतंच वडिलांना बाहेर काढायला उघडलं होतं.

धूर विरला. भुकटी बसली. फोरमनसाहेबांना तिघांनी ओढून बाहेर काढलं आणि बाकावर बसवलं. आता ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होते. प्राचार्य नळकांडं घेऊन समाधानाने वर गेले. कुणी हसलं नाही, आणि तेच फोरमनसाहेबांना सहन होईना. त्यांनी चष्म्यावरची भुकटी पुसली आणि जावयाकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"चूक माझी आहे. सकाळी काठी कोरडी होती. मला वाटलं मोजण्यात चुकलो. म्हणून तुम्हाला न सांगता एक लिटर वर ओतलं. तेल जास्त झालं आणि जळून बाहेर आलं. पस्तीस वर्षं लोकांना शिकवलं की चूक झाली तर लपवू नका. आणि मीच लपवली. तुमच्या मनातून उतरायची भीती वाटली, दुसरं काही नाही."

जावयाने खिशातून पुस्तिका काढली आणि परत खिशात घातली.

"बाबा," तो म्हणाला, "एक मीपण ओतलं."

फोरमनसाहेबांनी मान वर केली. साडेसातला आपण काठी बघितली, असं जावई सांगू लागला. तुमच्या नियमाप्रमाणेच, इंजिन थंड, गाडी सपाट. काठीला तेल कमी दिसलं. तुमच्या हातून चूक झाली हे तुम्हाला कळू नये असं वाटलं, कारण काल तुम्ही इतके आनंदात होता. तर फळीवर एकच बाटली उरली होती, ती ओतून टाकली.

"एकच कशी? दोन असायला हव्यात," फोरमनसाहेब म्हणाले.

मुलगी खाली बघून पदराशी चाळा करत होती. तिने सातला ओतली होती.

हळूहळू सगळा उलगडा झाला. पुस्तिकेचं ते पान जावयाने आता मोठ्याने वाचलं. इंजिन बंद असलं की टाकीतलं तेल हळूहळू झिरपून खाली इंजिनात उतरतं, म्हणून थंड गाडीची काठी कोरडीच दिसणार. मोजलेल्या नऊ बाटल्या अगदी बरोबर होत्या. चुकला होता तो डेपोचा नियम, आणि तिघांनी तो पाळला होता, त्यातल्या दोघांनी फोरमनसाहेबांवरच्या विश्वासापोटी. फोरमनसाहेबांना खरं तर लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण आपला कमीपणा झाकायला दोन माणसं भल्या सकाळी चोरपावलांनी अंगणात गेली, हे मनात आलं आणि त्यांना हसू फुटलं. मग मुलगी हसली. मग जावई हसला, आणि त्याचे दात किती चांगले आहेत हे फोरमनसाहेबांनी सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. डेपोतला जुना ड्रायव्हर विचारत होता, साहेब कुठवर आलात? फोरमनसाहेब जावयाकडे बघत म्हणाले, "आज जमत नाही रे. काम आहे."

गाडी ढकलत जागेवर आणली. पुन्हा घोड्या लावल्या. जास्तीचं तीन लिटर काढून घ्यायचं, मग हवेच्या नळीत शिरलेलं तेल पुसून काढायचं, मग इंजिन गरम करून, चालू ठेवून, पुस्तिकेत लिहिलंय तसं माप घ्यायचं. जावई गाडीखाली गेला आणि टाकीचा नट सैल करू लागला. सासरे बाहेर बादली धरून बसले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. बादलीत तीन लिटर होताच त्यांनी थांबायला सांगितलं.

बायको चहा घेऊन आली. तिने बादलीत डोकावून पाहिलं.

"माझंही निघालं का त्यात?"

"तुझं काय?" फोरमनसाहेबांनी विचारलं.

तिने शांतपणे सांगितलं. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती बघत होती. आधी हे गेले, बाटली ओतून आले. मग लेक गेली. मग जावई. तिला वाटलं, घरातल्या प्रत्येकाने एकेक घालायचं असतं, नव्या तेलाचं काहीतरी असेल. आपणच मागे राहिलो तर बरं दिसत नाही, म्हणून जावई आत आल्यावर तीही गेली. फळीवर बाटली नव्हती. तर तिने घरातलंच घातलं.

"घरातलं म्हणजे?"

"सूर्यफुलाचं. नवीन पिशवी होती, अख्खी."

नुसतं जास्तीचं काढून आता भागणार नव्हतं. इंजिनातलं सगळंच्या सगळं तेल काढून, धुऊन, नव्याने भरावं लागणार होतं. दोन्ही नट पुन्हा, वॉशर पुन्हा, फिल्टर पुन्हा. फोरमनसाहेबांनी दुःखी चेहरा करायचा मनापासून प्रयत्न केला. गाडीखालून जावयाचा आवाज आला, की उद्या दवाखान्याला सुट्टी घ्यायला हरकत नाही. आणखी एखादी मोठी बादली आहे का, असंही त्याने विचारलं.

दुपारपर्यंत अंगणात तीन बादल्या भरल्या. घरात कुणाला कसली तक्रार नव्हती, फक्त जेवायची वेळ झाली तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली. दारापुढे जळून उरलेलं बारा लिटर तेल होतं, आणि अंडं तळायला घरात थेंब नव्हता.